हनुवटीवरची तीन टिंबं

संपादकांनी फोनवर "तुमच्या कलाप्रवासाबद्दल लिहा" असं सांगितलं, तेव्हा आमचे मनोहरराव बाजूलाच बशीत चहा ओतून पीत बसले होते. त्यांनी तिथल्या तिथे माझा कलाप्रवास सांगून टाकला. खालच्या खोलीतून गच्चीवर आणि गच्चीवरून खालच्या खोलीत. नवरा म्हणून त्यांचं बोलणं मी सहसा मनावर घेत नाही, पण या वेळी खोटं म्हणता येईना. चौतीस वर्षं मी खाली बसून टाकाने चित्रं काढली, त्यांनी ती गच्चीवर उन्हात नेऊन जाळीवर उतरवली आणि पुन्हा खाली आणून छापली. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, मंडळांचे टी-शर्ट, संत्र्यांच्या पेट्यांची लेबलं, शाळांची प्रमाणपत्रं. एकदा एका आखाड्याच्या लंगोटांवर वाघसुद्धा छापला. तो नेमका कुठे छापायचा यावर उस्ताद, मनोहरराव आणि मी अशी तिघांची बैठक झाली होती आणि त्या बैठकीत मी फार कमी बोलले.

आमचा धंदा म्हणजे काय ते नवख्यांसाठी आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईने चित्र काढते. निब दौतीत बुडवायचं, फटकन झटकायचं आणि श्वास धरून रेघ ओढायची. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेली बारीक जाळी असते. तिला अंधाऱ्या खोलीत एक चिकट लेप लावून वाळवतात. त्या लेपाचा स्वभाव असा की ऊन लागलं की तो घट्ट होतो. जाळीवर माझं चित्र, चित्रावर काच, आणि ते सगळं गच्चीवर उन्हात. जिथे माझी शाई असते तिथे ऊन पोचत नाही, तिथला लेप कच्चा राहतो आणि पाण्याने धुतला की निघून जातो. म्हणजे माझ्या रेघेच्या जागी रेघेएवढी फट उरते. मग जाळी कापडावर ठेवायची, रंग ओतायचा आणि रबराच्या पट्टीने ओढायचा. फटीतून रंग खाली उतरतो. झालं छापून. पुण्या-मुंबईचे लोक या उन्हाच्या कामाला दिव्यांची पेटी वापरतात. आम्हाला गरज पडली नाही. नागपूरचा सूर्य फुकटात राबतो, फक्त मे महिन्यात तो आम्हालाही जाळीबरोबर घट्ट करू बघतो.

यात एकच गोम आहे. काचेवर धुळीचा कण बसला की ऊन त्यालाही शाईच समजतं. तिथे बारीक भोक पडतं आणि छपाईत नको तिथे टिंब उमटतं. म्हणून जाळी धुतल्यावर उजेडासमोर धरायची, फालतू भोकं शोधायची आणि ब्रशाने लेप लावून बुजवायची. या कामाला आमच्या घरात "टिंबं बघून घेणे" म्हणतात. टिंबं बघून घेतली का, असं मी विचारते आणि बघून घेतली, असं मनोहरराव सांगतात. आमच्या संसारात "जेवलात का"नंतर हाच प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला गेला असेल.

इंग्रजी छापणाऱ्यांना टिंबाचं एवढं भय नसतं. मराठीत टिंब म्हणजे अनुस्वार, आणि अनुस्वार कोणाच्या डोक्यावर बसेल याचा नेम नाही. एका मालवाहतूकदार संघटनेने आमच्याकडून पोस्टर छापून घेतलं होतं. मजकूर एवढाच: "आमची गाडी, आमचा अभिमान." त्यात गाडीतल्या पहिल्या अक्षरावर एक टिंब पडलं. काय झालं ते वाचकांनी मनातल्या मनात वाचून बघावं, दिवाळी अंक घरातली लहान मुलंही चाळतात. ते पोस्टर चार दिवस कार्यालयात दिमाखात लागलेलं होतं. आपलंच पोस्टर कोण वाचतो? पाचव्या दिवशी अध्यक्षांच्या सासूबाई काही कामाने तिथे गेल्या, त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. मनोहरराव त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकायला लागले. दिसलं टिंब की बुजव. एका पत्रिकेत त्यांनी नवरदेव नंदकिशोरचा नदकिशोर केला. एका कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठावर मी चांदणं काढलं होतं, ते अमावास्येचं करून दिलं. कवीला ते जास्त आवडलं हा भाग वेगळा.

आता तर काळ असा आलाय की चूक मागून घेतात. मागच्या वर्षी मिहानमध्ये कॉम्प्युटरवर काम करणारा एक तरुण टी-शर्ट छापायला आला. दोन रंगांचं काम होतं. म्हणाला, काकू, दुसरा रंग थोडा सरकलेला हवा, हाताने केल्यासारखं वाटलं पाहिजे. आम्ही आयुष्यभर रंग सरकू नये म्हणून जीव टाकला आणि हा बाबा सरकवा म्हणतो. मनोहररावांनी तीन वेळा चुकवायचा प्रयत्न केला, तिन्ही वेळा काम बरोबर आलं. त्यांचा हात चुकायला तयारच होईना. शेवटी मी टेबलाला कंबरेने धक्का दिला तेव्हा कुठे गिऱ्हाईकाच्या पसंतीला उतरलं.

पण एक चूक आम्ही कोणी न मागता केली, आणि खरं सांगायचं तर हा लेख मी तिच्यासाठीच लिहायला घेतला.

वामनराव हे कळमन्याच्या बाजारातले संत्र्यांचे जुने अडते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, भरघोस पांढऱ्या मिशा, आवाज लिलावात कमावलेला. त्यांची बायको पार्वताबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला येणाऱ्या प्रत्येकाला एक कापडी पिशवी आणि तीत संत्री द्यायची, आणि पिशवीवर पार्वताबाईंचं चित्र छापायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बरोबर मुलगी मंदा आली होती. तिला पिशवीची कल्पना मुळीच पसंत नव्हती. लोक उद्या माझ्या आईच्या डोक्यावर मेथी अन् मुळे कोंबतील, असं तिचं म्हणणं. वामनराव म्हणाले, तुझी आई जन्मात कधी पिशवी घेतल्याशिवाय घराबाहेर पडली नाही, तिला फ्रेममध्ये बसवली तर ती एक दिवस टिकायची नाही. मला म्हातारा तिथेच आवडला.

मी फोटो मागितला. त्यांनी टेबलावर फोटोंचा ढीग ओतला. पुतण्याचं लग्न, रामटेकची सहल, नातवाचा वाढदिवस. प्रत्येक फोटोत पार्वताबाई होत्या आणि एकाही फोटोत त्यांचं तोंड नव्हतं. पदर डोक्यावरून घेऊन त्याचं टोक दातांत धरलेलं. डोळे आणि नाकाचा शेंडा, बस. मंदा म्हणाली, आई फार लाजाळू होती. वामनराव फसकन हसले. सारा बाजार बुढीला भीत होता, म्हणाले, हमालांना शिव्या देताना तिला कधी लाज वाटल्याचं मी तरी पाहिलं नाही.

तोंड उघडं असलेला फोटो एकच होता, आधार कार्डावरचा. आधार कार्डाच्या फोटोत माणूस कसा दिसतो हे मी वेगळं सांगायला नको. स्वतःचं कार्ड काढून बघा.

मी कागद बाजूला ठेवून विचारलं, तुम्हीच सांगा, कशा दिसत होत्या? वामनरावांनी आधार कार्ड उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. मंदा पाणी प्यायला आत गेली तेव्हा हळूच म्हणाले, "मले तिचं तोंड आठवून नाही राह्यलं, बाई. आवाज येते. तोंड नाही येत. पन्नासच्या वर वर्षं काढली संगं, अन् एका वर्षात तोंड गेलं."

विनोद सुचला नाही असे प्रसंग माझ्या आयुष्यात थोडे आहेत. तो एक.

पहिलं चित्र मी काढलं ते असल्या कामात काढतात तसं. शांत चेहरा, मंद हसू, कपाळावर ठसठशीत कुंकू. वामनराव म्हणाले, हिच्यापुढे उदबत्ती लावा, ही माझी बायको नाही. दुसरं चित्र बघून म्हणाले, ही माझी बहीण झाली, आणि बहिणीशी माझं पटत नाही. दोन चित्रं वाया गेली आणि वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं. तिसऱ्या वेळी मी नाकडोळ्यांची चौकशी सोडून दिली. विचारलं, तुम्ही काही घोळ घालून घरी आलात की त्या काय करायच्या? एकदम खुलले. म्हणाले, आधी काही बोलायची नाही, नुसती बघायची. आणि बघायची म्हणजे कशी ते त्यांनी करून दाखवलं. मान जराशी तिरपी, डावी भुवई वर, ओठ गच्च दाबलेले. दातांमागे दहा वाक्यं उभी आहेत आणि कुठलं आधी सोडावं याचा विचार चाललाय, असं ते तोंड होतं.

मी म्हटलं, हलू नका. आणि मी वामनरावांचं चित्र काढलं, मिशा वगळून.

हसू नका, इतकी वर्षं एका ताटलीत भांडलेल्या माणसांची तोंडं एकमेकांत उतरलेली असतात. डोळे मी फोटोंतून घेतले, जबड्याची ठेवण आधार कार्डावरून, आणि ओठ नवऱ्याकडून. कापडावर बारीक रेघ टिकत नाही, म्हणून मोजक्या जाड रेघांत काम केलं. गाल, हनुवटी, सगळं कोरं सोडलं. वामनरावांनी कागद हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "आता बोलन ही."

मंदाचंही समाधान झालं, फक्त एक राहिलं होतं. आईच्या हनुवटीवर गोंदण होतं, तीन टिंबं, आधार कार्डावरही दिसतात. ते नाही तर आईची ओळख काय? बरोबरच होतं तिचं. मी निब बुडवलं आणि कोऱ्या हनुवटीवर तीन टिंबं ठेवली. वामनरावांना विचारलं, ठीक आहे ना? ते वर पंख्याकडे बघत होते. म्हणाले, पोरगी म्हणते तर असू द्या. मला वाटलं म्हातारा दमला असेल.

छपाईच्या दिवशी, म्हणजे वर्षश्राद्धाच्या आदल्याच दिवशी, मला मोतीबिंदूच्या तपासणीला रामदासपेठेत जायचं होतं. निघताना चपला घालता घालता मी मनोहररावांना म्हटलं, "हनुवटीवरची टिंबं तेवढी बघून घ्या."

मला म्हणायचं होतं, टिंबं बारीक आहेत, नीट उमटतायत का ते बघा. वाचकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकले. ते टाकले की बाहुल्या रुंद होतात आणि दिवसभर जग दुधात भिजल्यासारखं दिसतं. घरी आले तर मनोहररावांनी पहिली पिशवी अभिमानाने माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, छान. त्या अवस्थेत त्यांनी कोरी पिशवी धरली असती तरी मी छानच म्हटलं असतं. त्यांनी बाकीच्या छापायला घेतल्या. तीनशे पिशव्या संध्याकाळपर्यंत सुकून, घड्या घालून, गठ्ठे बांधून तयार झाल्या. या माणसाची शिस्त एखादे वेळी फार महागात पडते.

वर्षश्राद्धाच्या सकाळी माझी नजर जागेवर आली. गठ्ठ्यातली वरची पिशवी मी कौतुकाने हातात घेतली, आणि हनुवटी कोरी. दुसरी बघितली, कोरी. एक गठ्ठा सोडला, सगळ्या कोऱ्या. मनोहररावांना हाक मारली ती बहुधा शेजाऱ्यांनाही ऐकू गेली असेल. गोंदण कुठे आहे म्हणून विचारलं.

"कोणतं गोंदण वं? तीन भोकं होती, बुजवली. तूच तं म्हणली बघून घ्या म्हणून."

मी म्हटलं, "भोकं नव्हती ती. त्या बाईचं गोंदण होतं."

"मंग तसं सांगाचं ना. मले काय मालूम, मी काय तिच्या लग्नात गेलतो काय?"

जाळी नव्याने करायला वेळ नव्हता, पंगत अकराला बसायची होती. कापडावर लिहायचं काळं पेन तेवढं घरात होतं. ठरवलं की जाऊन चूक कबूल करायची आणि तिथेच कोपऱ्यात बसून एकेका पिशवीवर तीन टिंबं द्यायची. रिक्षात गठ्ठे मांडीवर घेऊन आम्ही निघालो. मी मनोहररावांना त्यांच्या घराण्यासकट जे काही बोलले ते इथे देत नाही. ते संपूर्ण रस्ता गठ्ठ्याआडून एवढंच म्हणत राहिले, "पण टिंबं तं टिंबंच असते ना." एका माणसाला त्याच्या बायकोचं तोंड शोधून द्यायचं होतं, ते सापडलं, आणि आम्ही तिची ओळखच बुजवून टाकली.

वामनरावांच्या दारात मांडव होता. ते स्वतः खुर्ची टाकून पाहुण्यांची वाट बघत बसले होते. मंदाने गठ्ठा सोडला, पिशवी उलगडली आणि तिचा चेहरा उतरला. आईचं गोंदण कुठे आहे, असं तिने विचारलं, ओरडून नाही, रडक्या आवाजात, ते जास्त वाईट. मी सगळं खरं सांगितलं. थेंबांचं, बघून घ्या म्हटल्याचं, सगळं. मी पेन काढलं, टोपण उघडलं आणि म्हटलं, मला एक चटई द्या, पंगत उठेपर्यंत सगळ्या पिशव्यांवर गोंदण देते.

वामनरावांनी हात पुढे केला. मला वाटलं पेन मागतायत. त्यांनी मंदाच्या हातातली पिशवी घेतली, मांडीवर पसरली आणि तळहाताने तिच्या सुरकुत्या सारख्या केल्या. पाहुणे यायला लागले होते, मंदाने त्यांना आत जायला खुणावलं.

"हे तोंड," ते म्हणाले, "असं कोरं, मी एकच दिवस पाह्यलं."

आम्हाला काही कळलं नाही. मंदालाही नाही. मग ते पिशवीकडे बघतच सांगायला लागले.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माह्या आईनं गोंदणारी बलावली. ही म्हणे, मले नाही पाहिजे. दोघीजणीनं धरली तिले वसरीत. मी दारात उभा होतो. ओरडली नाही ते. ओठ असेच दाबले अन् माह्याकडं पाहत राह्यली, का हा आता काही बोलन." त्यांनी पिशवीची कड सरळ केली. "मी बैलाले पाणी पाजाले निघून गेलो."

मंदा म्हणाली, "आईनं कधी सांगतलं नाही, बाबा."

"काहून सांगन? पदर घेतला दातात. सारे म्हणत, लाजते. तुम्ही म्हणत होते, मी ऐकून घेत होतो."

ओसरीवरून कोणीतरी वामनरावांना हाक मारली. ते उठले नाहीत. माझ्या हातातलं पेन उघडंच होतं आणि टोकाची शाई वाळत चालली होती. तीनशे पिशव्यांचं काय करायचं ते कोणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मी हळूच विचारलं, मग गोंदण काढू ना?

त्यांनी पिशवीची घडी घातली, चित्र आतल्या बाजूला जाणार नाही अशी, आणि ती मांडीवर ठेवली.

"नाही," ते म्हणाले. "पेनाले टोपण लावा, बाई. या खेपेले मी इथंच हाय."